थेंब खाली दिसतो, गळती वर असते

जुनी गाडी बघायला गेलं की बॉनेट उघडतं, आत चकचकीत इंजिन दिसतं आणि घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. गोव्यात तरी तो इतक्या लवकर पडू देऊ नये. इथला तांबडा धुरळा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस सहा-सात वर्षं झेललेलं इंजिन शोरूममधून आल्यासारखं दिसत असेल, तर ते काल-परवा धुतलंय एवढाच त्याचा अर्थ. धुण्यात गैर काही नाही, विकायला काढलेली वस्तू माणूस पुसतोच. पण धुतलेल्या इंजिनावर ऑइलच्या गळतीचा माग उरत नाही. म्हणून फोनवरच सांगून ठेवा: "भाऊ, गाडी धुऊ नका, आणि सकाळी मी येईपर्यंत स्टार्टही करू नका."

सोबत फार काही लागत नाही. डोक्याला लावायची टॉर्च, पांढरे टिश्यू, सुती फडकं, हातमोजे, एक मोठा पुठ्ठा आणि फोन. इंजिनाच्या मागच्या बाजूला आपलं डोकं पोचत नाही, तिथे फ्लॅश लावून फोन आत धरायचा आणि व्हिडिओ काढायचा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी ओली रेघ व्हिडिओत दिसते.

गाडी रोज जिथे उभी राहते ती जागा आधी बघा. विकणारा पेट्रोल पंपावर किंवा मार्केटमध्ये भेटू म्हणाला तरी "घरीच येतो" म्हणावं. पोर्चच्या लादीवर किंवा सिमेंटच्या अंगणात ऑइलचा डाग वर्षानुवर्षं जात नाही. डाग नवा आहे की जुना, एक आहे की माळ आहे, पुढच्या चाकांच्या रेषेत आहे की मागे, हे सगळं बघून घ्या. मग डागाला टिश्यू लावा. आपल्याकडे दमट हवेमुळे एसी चालवला की गाडीखाली पाण्याचं थारोळं होतं. ते डाव्या सीटच्या पुढच्या भागाखाली असतं, स्वच्छ असतं आणि टिश्यूवरून सुकून जातं. त्याला घाबरायचं कारण नाही. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं आणि टिश्यूवर पसरत जातं. डिझेल गाडीत ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यामुळे काळं म्हणजे वाईट असं नाही. लालसर आणि पातळ असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. जाड असून गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा निळं पाणचट म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत आणि जवळजवळ पारदर्शक काही सापडलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर ती गाडी चालवून बघायचीसुद्धा नाही.

डाग दिसला नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाखाली प्लास्टिकचं कव्हर असतं. थेंब त्यावर साचतात आणि लादी कोरडी राहते. पाच-सात क्लिपा आणि स्क्रू काढून ते उतरवलं, की आत काय साचलंय ते कळतं. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली मात्र कधीच शिरू नये. जवळच्या गॅरेजमध्ये रॅम्प किंवा पिट असतो, मेस्त्रीला अर्ध्या तासाचे पैसे द्या आणि तिथे बघा.

आता इंजिन थंड असतानाच डिपस्टिक काढा. पुसा, परत घाला, परत काढा. बहुतेक लहान गाड्यांत किमान आणि कमाल या दोन खुणांमध्ये पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. पातळी किमान खुणेच्या खाली असेल तर गाडी एकतर गाळतेय नाहीतर जाळतेय, आणि मालक बघत नाही. कमाल खुणेच्या बरीच वर असेल तर "कमी होतं म्हणून आधीच जास्त भरून ठेवलंय" हा संशय घ्यावा. जास्त ऑइल फिरत्या क्रँकमुळे (पिस्टनला जोडलेल्या मुख्य दांड्यामुळे) घुसळलं जातं, त्याचा फेस होतो आणि ऑइल आत अडवणाऱ्या सीलांवरचा ताण वाढतो. ऑइल बोटांत चोळून बघा. ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ग्रेडचं ऑइल लागतं त्यात काकवीसारखं जाड ऑइल सापडलं, तर गळती किंवा आवाज लपवण्यासाठी जाड ग्रेडचं २०डब्ल्यू-५० भरलेलं असू शकतं. जाड ऑइल फटीतून हळू बाहेर येतं, एवढाच त्याचा उपयोग. थंड इंजिनात ते वरपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर सायीसारखा थर दिसला तर लगेच हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाच्या सांध्यातलं, ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं म्हणून निघून जाऊ नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत दमट हवेचं पाणी झाकणाखाली जमतं आणि ऑइलमध्ये मिसळून अशी साय होते. तोच रंग डिपस्टिकवरही असेल, कूलंट कमी होत असेल किंवा कूलंटच्या डबीत तेलाचा तवंग असेल, तर मात्र गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलेला असू शकतो. मग ती गाडी सोडून दिलेली बरी.

मुख्य काम टॉर्चचं आहे. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) खालच्या, ऑइल सोडायच्या नटावर लोंबणारा थेंब बहुतेक वेळा त्या नटाचा नसतोच. ओला भाग जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे असेल, तिथे गळती. म्हणून बघायची सुरुवात वरून करायची.

सर्वांत वर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण. त्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. कोरडी धूळ बोटाला पावडरीसारखी लागते, फुंकर मारली की उडते. ऑइल प्यायलेली धूळ उडत नाही. ती तांबूस-काळा लगदा होऊन नखात बसते आणि साबणाशिवाय निघत नाही. डिचोली, सांगे, केपे अशा खाणपट्ट्यात चाललेल्या गाडीवर हा लगदा चिऱ्याच्या रंगाचा होतो, कडेच्या रेषेत नीट ओळ धरून बसतो. त्या ओळीच्या वर कोरडं आणि खाली ओलं असेल तर पॅकिंग कडक झालंय. हे पॅकिंग रबराचं असतं आणि इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून प्लास्टिकसारखं होतं. बदलायला तास-दोन तास लागतात. पण बोल्ट हलके असतात, साधारण ८ ते ११ न्यूटन-मीटरचे. पाना लावून जोर केला की कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही गळतं. कव्हरच्या कडेने राखाडी किंवा काळं सिलिकॉन बाहेर आलेलं दिसलं, तर कुणीतरी पॅकिंग न बदलता पेस्ट फासलीय.

पेट्रोल गाडीत जिथे ठिणगीसाठीची कॉइल सरळ स्पार्क प्लगवर बसलेली असते, तिथे एक कॉइल मालकाच्या परवानगीने काढून बघा. एकच बोल्ट असतो. कॉइलच्या रबरी टोकावर ऑइल असेल किंवा टॉर्च मारल्यावर खाली प्लगच्या भोवती काळं तळं चमकत असेल, तर प्लग-ट्यूबची सीलं गेलीत. ही गळती बाहेरून अजिबात दिसत नाही. तिच्यामुळे कॉइलचं रबर फुगतं, स्पार्क बाजूला पळतो आणि गाडी मिसिंग मारते, म्हणजे झटके देते. काही इंजिनांत ही सीलं टॅपेट कव्हरच्या पॅकिंगसोबतच येतात, काहींत वेगळी घ्यावी लागतात. कामाला देताना दोन्ही मागा.

आता फॅन बेल्टची बाजू. क्रँकच्या पुलीमागे पुढचं ऑइल सील असतं. ते गेलं तर ऑइल नुसतं ओघळत नाही, फिरणारी पुली ते गोलाकार उडवते. चाकाच्या आतल्या मडगार्डवर आणि चेसिसच्या बाजूवर पुलीच्या उंचीवर फवाऱ्यासारखा पट्टा दिसला की पहिला संशय याच सीलवर घ्यावा. टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या आतल्या बेल्टच्या) गाडीत ही गळती फार गंभीर. जुनी सँट्रो, अल्टो ८००, १.५ लिटर डिझेलची डस्टर यांत बेल्ट आहे. ऑइल लागलं की बेल्टचं रबर फुगतं, दात सुटतात, आणि बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटू शकतात. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत चेन आहे, ती ऑइलमध्येच फिरते. तिथे हीच गळती सीलची किंवा कव्हरच्या सांध्याची असू शकते, पण बेल्टसारखी भीती नाही.

पुढे ऑइल फिल्टर आणि त्याच्या जवळपास असलेला ऑइल प्रेशर स्विच. स्विचची वायर काढून बघा. सॉकेटच्या आत ऑइल असेल तर स्विच आतून फुटलाय. स्वस्त भाग, दहा मिनिटांचं काम. पण त्याचं ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळून अशा ठिकाणी जमतं, की बघणाऱ्याला मोठाच आजार वाटावा. इग्निशन चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे आणि गाडी स्टार्ट झाल्यावर दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल तर कुणीतरी वायर काढून ठेवलीय असं धरून चाला.

खाली चेंबर. समुद्राच्या जवळ, वास्को, कळंगुट, मोरजीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या गाड्यांत पत्र्याचा चेंबर बाहेरून गंजतो. रंग फुगलेला असेल, पापुद्रे सुटत असतील तर तिथे अंगठ्याने दाबून बघा. पत्रा दबला तर भोक पडायला वेळ लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर पत्र्यासारखा गंजत नाही, पण उंच स्पीडब्रेकरवर घासून त्याला तडा जातो. ऑइल सोडायच्या नटाभोवती पांढरी टेप गुंडाळलेली दिसली तर आटे गेलेत. नट ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या आसपास घट्ट करायचा असतो, पाईप लावून अंगाचा भार टाकायचा नसतो, आणि वॉशर दर वेळी नवा. चेंबरच्या सांध्यातलं कंपनीचं सिलिकॉन बारीक आणि एकसारखं असतं. हाताने फासलेलं जाड, बोटांच्या खुणांसकट दिसतं. जेवढं बाहेर आलंय तेवढंच आतही गेलंय, आणि आतला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसला तर इंजिनाला ऑइलच मिळत नाही. ताजं काळं अंडरबॉडी कोटिंग चेंबरवरही मारलेलं असेल तर स्वच्छ सांगावं, "हे पुसून दाखवा." कोटिंग बॉडीला मारायचं असतं, चेंबरला नाही.

आणि शेवटी ती जागा, जिच्या नावाने गिऱ्हाईक घाबरतं: इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला सांधा. इथून थेंब पडत असेल तर फ्लायव्हीलकडचं, म्हणजे क्रँकच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं मेन ऑइल सील गेलं असं मेस्त्री सांगतो. सील स्वतः महाग नाही, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पूर्ण दिवसाचं काम. तेव्हाच क्लच प्लेटही बघून घ्यायची असते, कारण ऑइल लागलेली प्लेट चढणीला घसरते. मात्र हे निदान चुकलं तर गिअरबॉक्स फुकट उतरतो. अनेक डिझेल इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाला गिअरबॉक्सच्या बाजूला व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. त्याची ओ-रिंग (गोल रबरी कडी) गेली की ऑइल नेमकं याच सांध्यावर ओघळतं. टॅपेट कव्हरचा मागचा कोपराही इथेच गळतो. टॉर्च वर नेऊन सांध्याच्या वरचा भाग कोरडा आहे हे दिसल्याशिवाय मेन सीलवर बोट ठेवू नये. ऑइलला गंधकाचा वास असेल तर ते इंजिनाचं नाहीच, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आहे.

गळती सापडली म्हणजे तपासणी संपत नाही. ती कशामुळे आहे हे बघावं लागतं, आणि बहुतेक जण नेमकं हेच सोडतात. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण सोडवून तोंडावर उलटं नुसतं ठेवा. थोडं थरथरणं, विशेषतः डिझेलमध्ये, ठीक आहे. झाकण नाचायला लागलं, उडून पडलं, आतून धूर फुकफुक करत बाहेर येत असेल, तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय. पिस्टनच्या रिंगांतून गॅस खाली उतरतोय आणि आतला दाब वाढून ऑइल सापडेल त्या सीलमधून बाहेर ढकलतोय. अशा इंजिनाचं एक सील बदललं की महिन्याभरात दुसरं गळतं. पण त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. हा छोटा व्हॉल्व्ह आतला गॅस परत इनटेककडे नेतो. तो काजळीने बुजला तर चांगल्या इंजिनातही दाब साठतो. बऱ्याच इंजिनांत तो काढून हलवला की आतली गोळी खुळखुळते, नाही वाजला तर बदलायचा. निरोगी पेट्रोल इंजिनात झाकणाच्या तोंडावर पातळ कागद धरला तर तो हलकेच आत ओढला जातो किंवा जागेवर फडफडतो. बाहेर फेकला जात नाही.

सायलेन्सरकडेही लक्ष असू द्या. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबताना निळसर धूर आला तर व्हॉल्व्हची सीलं, चढणीला जोर लावताना सतत निळा धूर आला तर रिंगा. टर्बो डिझेलच्या इंटरकूलर पाइपात ऑइलचा पातळ थर असतोच, पण पाइप काढल्यावर ते ओतलं जात असेल तर टर्बो तपासायला हवा.

मालक तयार असेल तर खरी चाचणी अशी करावी. संशयाची जागा ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवा, पूर्ण सुकू द्या, आणि थंड इंजिनावर साध्या टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरा. बेल्ट, अल्टरनेटर आणि एअर इनटेकवर पावडर जाऊ देऊ नका. मग पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवा, त्यात चढण हवीच. पणजीत आल्तिनो, फोंड्यात फर्मागुडी, साखळी-केरीच्या बाजूला असाल तर थेट चोर्ला घाट. चढणीला इंजिनावर जोर येतो, आतला दाब वाढतो, आणि तिरप्या गाडीत ऑइल मागच्या बाजूला येतं. सपाट रस्त्यावर न दिसणारी गळती इथे दिसते. परत आल्यावर गाडी पुठ्ठ्यावर उभी करा आणि वीस मिनिटं थांबा. पांढऱ्या पावडरीत ओली तपकिरी रेघ उठते, आणि ती वर जिथून सुरू होते तो गळतीचा उगम. एवढ्यानेही कळलं नाही तर ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग मिळतो. तो बाटलीवरच्या प्रमाणात घालून, गाडी चालवून, अतिनील टॉर्चने अंधारात बघायचं.

किती गळतंय याचा अंदाजही बांधता येतो. एका मिलिलिटरमध्ये सुमारे २५ थेंब धरले आणि चालत्या इंजिनातून दर १० सेकंदांनी एक थेंब पडतो असं समजलं, तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १४-१५ मिलिलिटर. सरासरी ५० च्या वेगाने १,००० किलोमीटरला २० तास लागतात, म्हणजे पाव लिटरच्या वर ऑइल रस्त्यावर. तीन-साडेतीन लिटरच्या इंजिनात ही गोष्ट दुर्लक्ष करण्याची नाही. उलट नुसता घाम असेल, लगदा आहे पण थेंब बनत नाही, तर ती गाडी वर्षभर डिपस्टिक बघत आरामात चालते.

गोव्यात दोन तऱ्हेच्या गाड्या वेगळ्या नजरेने बघाव्या लागतात. एक, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची रेंट-अ-कॅब, म्हणजे चालकाविना भाड्याने देतात ती गाडी, जी पुढे खासगी करून विकली जाते. ती बऱ्याच हातांखालून जाते आणि तिचा चेंबर खालून घासलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी चेंबर बघा. दुसरी, तारवट्यांची गाडी. मालक बोटीवर, गाडी शेडमध्ये सहा-सहा महिने उभी, किलोमीटर अगदी कमी. आकडा बघून मन हुरळतं, पण उभ्या गाडीची सीलं ऑइलविना कोरडी पडून आखडतात. चालवायला घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच ती गळायला लागतात, आणि तेव्हा व्यवहार होऊन गेलेला असतो. अशा गाडीला निदान दोनदा, दोन वेगळ्या दिवशी चालवून बघा.

किंमत बोलताना थेंब किती यापेक्षा गळती कुठली, हे पुढे ठेवा. टॅपेट कव्हर, प्रेशर स्विच, फिल्टर, नटाचा वॉशर यांच्यासाठी चांगली गाडी सोडू नये, कामाचे पैसे वजा करून घ्यावी. मेन सील असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी, सील आणि क्लच यांचा आकडा गॅरेजमधून लिहून आणून मग बोला. बॅक कॉम्प्रेशन मारणारं इंजिन मात्र कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. आणि "पावसात सगळ्याच गाड्या थोड्या गळतात" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. पाऊस बाहेरून पडतो, ऑइल आतून येतं.

गाडी घेतलीच, तर पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग फिल्टरसोबत निघालीय की इंजिनाला चिकटून राहिलीय हे स्वतः बघा. जुनी रिंग तशीच राहून तिच्यावर नवी बसली, तर स्टार्ट करताच दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगेला बोटाने थोडं ऑइल लावून फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पुढे पाऊण फेरा. इंजिन स्टार्ट करून पाच मिनिटं फिल्टरवर टॉर्च धरा, बंद करा, डिपस्टिक बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सपाट जागेवर, थंड इंजिनावर तिचा फोटो काढून ठेवा. पाचशे किलोमीटर झाले की तसाच, सपाट जागेवर, सकाळी थंड इंजिनावर दुसरा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पातळी बघा.